मिलाझ्झोची ती रात्र कमिशनसाठी नव्हती: एओलियन बेटांच्या सहलीच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. बोट रद्द झाल्यामुळे तुमच्या आई-बाबांना स्ट्रॉम्बोलीच्या (इटलीत सिसिलीच्या उत्तरेला असलेल्या एओलियन बेटांपैकी ज्वालामुखीच्या बेटाच्या) धक्क्यावर बॅगा घेऊन ताटकळावं लागलं, वर विमानही चुकलं, याबद्दल मनापासून माफी मागतो. या वयात एवढी दगदग कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण "मिलाझ्झोसारख्या बंदराच्या गावात शेवटची रात्र फक्त कमिशनसाठी घातली होती, म्हणून आम्ही ती काढून टाकली" हे वाक्य फार लागलं. सहली आखून देण्याचा आमचा व्यवसाय छोटा आहे. फोन करायचा की नाही हे लोक रिव्ह्यू वाचूनच ठरवतात, म्हणून उत्तरही इथेच द्यावं लागतंय. मिलाझ्झोचं हॉटेल तुम्ही तुमच्या कार्डावरून थेट बुक केलंत. आमची फी फक्त प्लॅनची, आणि ती बुकिंगच्या आधीच ठरलेली. मुक्काम सहा रात्रींचा असो की सात, आम्हाला एक रुपयाही कमी-जास्त मिळत नाही.

मग ती रात्र का होती? या सात बेटांपैकी एकावरही विमानतळ नाही. सिसिलीहून जायचं तर वर्षभर भरवशाचं बंदर मिलाझ्झो. तिथून हायड्रोफॉइल या वेगवान बोटीने लिपारी बेट साधारण तासाभरावर. स्ट्रॉम्बोली मात्र सगळ्यात टोकाला, मधले थांबे धरून पावणेतीन तासांच्या आसपास. हायड्रोफॉइल पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाते, म्हणून वेगाने जाते आणि म्हणूनच लाटा वाढल्या की सगळ्यात आधी तीच रद्द होते. गाड्या नेणारी मोठी बोट त्याहून खवळलेल्या समुद्रातही सुटते, पण तिला वेळ दुपटीने लागतो आणि स्ट्रॉम्बोलीला ती रोज नसते. शिवाय स्ट्रॉम्बोलीला बंदिस्त बंदर नाही. तिथला स्कारी नावाचा धक्का उघड्या समुद्रात आहे, त्यामुळे कधीकधी बोट बेटापर्यंत येते पण धक्क्याला लागू शकत नाही. लिपारीचं मरिना लुंगा हे बंदर बेटाच्या पूर्वेला असल्यामुळे वायव्येचा माएस्त्राले वारा वाहत असताना तिथे आडोसा मिळतो. तेव्हा स्ट्रॉम्बोलीच्या बोटी बंद असतानाही लिपारी ते मिलाझ्झो बोट चालू असू शकते.

यावरूनच आम्ही क्रम लावला होता: आधी स्ट्रॉम्बोली, मग सालीना, मग लिपारी (तिथूनच दहा-पंधरा मिनिटांवरच्या वुल्कानोची दिवसाची फेरी), शेवटची रात्र मिलाझ्झोत आणि दुसऱ्या दिवशी विमान. लांबचं बेट आधी, जवळचं शेवटी. वारा सुटलाच, तर अडकणं सहलीच्या सुरुवातीला होतं आणि सावरायला पुढे दिवस उरतात. तुम्ही तिकडे पोचल्यावर हा क्रम उलटा केलात. स्ट्रॉम्बोलीचा सूर्यास्त शेवटी हवा, ही हौस आम्ही समजू शकतो. पण त्याच वेळी मिलाझ्झोची रात्रही रद्द झाली आणि विमानाच्या दिवशी सकाळी स्ट्रॉम्बोलीहून निघायचं ठरलं.

त्या सकाळचा हिशेब बघा. विमान सिसिलीतल्या कातानियाहून दुपारी अडीचचं. सातच्या सुमारास बोटीत बसलात तर पावणेदहाला मिलाझ्झो. बॅगा उतरवून बसपर्यंत जायला अर्धा तास. विमानतळ तिथून सुमारे 130 किलोमीटर, म्हणजे बसने आणखी दोन तास. सगळं घड्याळाबरहुकूम झालं तर सव्वाबारा. कागदावर हे जमतं. पण उन्हाळा संपला की थेट बस मोजक्याच, आणि ती चुकली की मेसिनामार्गे बस किंवा ट्रेन बदलत जायचं. मिलाझ्झोचं रेल्वे स्टेशन तर बंदरापासून तीन किलोमीटरपेक्षा लांब, बॅगा ओढत चालायचं अंतर नव्हे. म्हणजे वारा पडलेला असता तरी तो बेत सुईच्या नाकातून दोरा ओवण्यासारखा होता.

आणि वारा पडलेला नव्हता. दोन दिवस आधी आम्ही व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, "वायव्येचा वारा वाढतोय, उद्याच लिपारीला या, तिथे खोली बघून देतो." तुमचं उत्तर आलं, "इथे कडक ऊन आहे, काळजी करू नका," सोबत निळ्या समुद्राचा फोटो. ताई, तिथे उन्हाचा आणि बोटीचा काही संबंध नसतो. आकाश लख्ख असतं आणि लाटा दीड-दोन मीटरच्या असतात. बोट सुटणार की नाही हे फेरीगणिक ठरतं आणि नक्की काय ते धक्क्यावरच्या तिकीट खिडकीतच कळतं. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी सिसिलीत परत यायचं, हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही. ऑक्टोबरमध्ये तर मुळीच नाही, कारण तेव्हा फेऱ्या कमी होतात आणि एक रद्द झाली की पुढची कधीकधी थेट दुसऱ्या दिवशी.

"ज्वालामुखीच्या माथ्यावर नेलं नाही" असंही लिहिलंत. माथा 924 मीटरवर आहे आणि 2019च्या जुलै-ऑगस्टमधल्या स्फोटांनंतर तो पर्यटकांना बंद आहे. जुलैच्या स्फोटात एका गिर्यारोहकाचा जीव गेला होता. गाईडसोबतही जास्तीत जास्त 400 मीटरपर्यंत, आणि इशाऱ्याची पातळी वाढली की तेवढंही नाही. कुणी माथ्याचं आमिष दाखवत असेल तर त्याला पैसे देऊ नका. ज्यावरून तापलेले दगड समुद्राकडे घरंगळतात तो शारा देल फुओकोचा उतार रात्री बोटीतून बघायची सोय आपल्या प्लॅनमध्ये होती, तुमच्या आई-बाबांच्या गुडघ्यांना तीच झेपणारी होती.

सालीनाला बंदर चुकल्याचं म्हणाल, तर तिथे दोन बंदरं आहेत, रिनेल्ला आणि सांता मारिना. तिकिटावर कुठलं ते बघूनच उतरायचं, हे प्लॅनमध्ये ठळक अक्षरांत आहे. चुकलं तरी बस मिळते.

शाकाहारी जेवणाचा त्रास मात्र खरा आहे. तिथे "मांस नाही" म्हटलं तरी टोमॅटो-केपर्सच्या सॅलडमध्ये अँचोव्ही हा छोटा मासा येतो आणि पाने कुन्झातो या वर टॉपिंग घातलेल्या पावावर ट्यूना मासा. म्हणून "सेंझा कार्ने, सेंझा पेशे, सेंझा आच्चूगे" (मांस नको, मासे नको, अँचोव्ही नको) असं लिहिलेलं कार्ड दिलं होतं. ते ऑर्डर देतानाच दाखवायचं, ताट समोर आल्यावर नाही. वांग्याचा पास्ता आल्ला नोर्मा बहुतेक ठिकाणी मिळतो, त्यावरचं रिकोत्ता सालाता हे खारट चीज नको असेल तर सांगावं लागतं. ऑक्टोबरात बरीच हॉटेलं हंगाम संपवून कुलूप लावतात, त्यामुळे निवड कमी होते, हे मान्य.

राहिले बोटीचे पैसे. ते बुडालेले नाहीत. युरोपियन युनियनच्या 1177/2010 या नियमानुसार फेरी रद्द झाली की पुढची फेरी किंवा तिकिटाचे पैसे परत, यातलं एक निवडता येतं. हॉटेलचा खर्च मात्र खराब हवामानात कंपनीवर बंधनकारक नाही, आणि चुकलेलं विमान त्यात येत नाही. त्यासाठी व्हिसाला काढलेली विमा पॉलिसी उघडून बघा. 30,000 युरोचं कव्हर फक्त उपचार आणि रुग्णाला मायदेशी परत आणण्यापुरतं असतं, पण काही पॉलिसींमध्ये चुकलेल्या विमानाचं कलम वेगळं असतं.

तुमच्या बाकी सूचनांची नोंद घेतली आहे. बोटींचं पान प्लॅनमध्ये पुढे आणतोय, आणि रविवारी फोन उचलण्याचंही काहीतरी बघतो. रद्द झालेल्या तिकिटांचे फोटो असतील तर पाठवा. रिफंडचा इटालियनमधला अर्ज आम्ही भरून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.