वयाला शोभेल असं गा म्हणे!

आज ऑफिसला जाताना गाडीत अमेरिकन गायक जॉनी टेलरचं ‘डिस्को लेडी’ लावलं होतं. सोबतच्या ज्युनियर चिरंजीवांनी लगेच फोनवर शोधलं आणि म्हणाले, “सर, हा तर हे गाणं आलं तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता! या वयात डिस्को?” आणि खी खी हसले. सिग्नल नसता तर तिथेच उतरवला असता.

मला मामा आठवला. आयुष्य ऑर्केस्ट्रात गेलं त्याचं, आता बासष्टीचा आहे. गेल्या गणपतीत आमच्या मंडळाने त्याला सांगितलं, “काका, तुम्ही अभंग म्हणा, नाचाची गाणी पोरं म्हणतील.” तो अडून बसला म्हणून पावणेदहाची वेळ दिली. दहाला स्पीकर बंद होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं! मामा संध्याकाळपासून इस्त्रीचा कोट घालून स्टेजमागे बसलेला.

तर टेलर. गायक सॅम कुक ‘सोल स्टरर्स’ या गटातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या जागी उभा राहिलेला हा गॉस्पेलवाला, म्हणजे चर्चची भक्तिगीतं गाणारा. मग मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत सोल, म्हणजे गॉस्पेलच्याच ढंगाची प्रेमाबिमाची गाणी गायला, 1968 ला ‘हूज मेकिंग लव्ह’ गाजवलं. 1975 संपता संपता स्टॅक्सचं दिवाळं वाजलं. तिथेही कुणीतरी म्हणालंच असेल, आता अभंग म्हणा. पठ्ठ्याने 1976 मध्ये कोलंबिया कंपनीसाठी ‘डिस्को लेडी’ दिलं आणि चार आठवडे बिलबोर्ड या अमेरिकी गाण्यांच्या यादीत पहिला नंबर. अमेरिकेत सिंगलसाठी, म्हणजे सुट्या गाण्याच्या रेकॉर्डसाठी, प्लॅटिनम हा विक्रीचा किताब त्याच वर्षी सुरू झाला, तोही पहिला यालाच. तेव्हा त्यासाठी वीस लाख प्रती खपाव्या लागत. वीस लाख!

नावात डिस्को आहे, पण हाडामांसाने फंक, म्हणजे बेसच्या ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत. बेस गिटारवर बूट्सी कॉलिन्स, कीबोर्डवर बर्नी वॉरेल, म्हणजे पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडची मंडळी. तो बेस नीट ऐका, पुढे धावतच नाही, जागच्या जागी लचकतो. आणि टेलर त्याच्यावर चढून ओरडत नाही. किंचित मागे राहून, बोलल्यासारखा गातो. पंचविशीतल्या पोराने पहिल्याच कडव्यात सगळा दारूगोळा उडवला असता. चर्चमध्ये घसा तापवलेल्या माणसाला आवाज कुठे राखायचा ते कळतं.

शब्द यथातथाच आहेत, बाई नाचतेय आणि हा बघतोय, एवढंच. मान्य. मामाचाही वरचा सूर आता लागत नाही, तेही मान्य. पण त्या रात्री पंचमच्या गाण्याचं तोंड त्याने जे हळूच सोडलं ना, खुर्च्या आवरणारी पोरं थांबली होती. दुसऱ्या कडव्याला माईक गेला. दहा वाजले. मामा “असू दे रे” म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला. मला आजही संताप येतो.

चिरंजीवांवर तेवढा राग नाही आता. टोल नाक्याच्या रांगेत त्यांचा पाय ठेका धरत होता, मी पाहिलं. लिंकही मागून घेतली नंतर.

मंडळाचे कार्यकर्ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, म्हणून इथेच लिहितो. यंदा मामाला आठ वाजताची वेळ आणि त्याच्या आवडीची गाणी. नाहीतर वर्गणीची पावती फाडायला माझ्या दारात येऊ नका.