प्रिय ग्राहक, तुमचं कार्ड ब्लॉक होतंय

माझं क्रेडिट कार्ड सारखं 'आज रात्री बारानंतर बंद' होत असतं. कार्डाला याचा पत्ताच नसतो, ते पाकिटात निवांत पडलेलं, धावपळ सगळी फोनवरच्या माणसाची. माझ्या रिवॉर्ड पॉइंटांची इतकी काळजी घरच्यांनीसुद्धा कधी केली नाही हो.

आपला विश्वास बसावा म्हणून तो आधी कार्डाचे पहिले चार आकडे वाचून दाखवतो. बरोबर असतात! असणारच, कारण सुरुवातीचे सहा-आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगणारे असतात, व्हिसा म्हटलं की पहिला ४ ठरलेला, म्हणजे त्या बँकेच्या ढीगभर लोकांचे तेच आकडे. मग हळूच, "मॅडम, आता कार्डाच्या मागच्या बाजूचे तीन आकडे सांगा, फक्त व्हेरिफिकेशनसाठी." म्हटलं बँकेतूनच बोलताय ना, मग बघा की तुमच्याकडे. तर म्हणे सिस्टिम डाऊन आहे. सिस्टिम डाऊन असताना माझं कार्ड ब्लॉक करायला मात्र बरी चालते!

स्क्रीनवर बँकेचं नाव आलं तरी मी हुरळून जात नाही, नंबर खोटा दाखवता येतो. सरळ फोन ठेवायचा आणि कार्डावर छापलेल्या नंबरला आपण लावायचा. तिथे अर्थात एक दाबा, दोन दाबा, मग बासरी, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा बासरी. सर्व्हिसच्या बाबतीत चोर फार पुढे आहेत, हे कबूल करायलाच हवं.

ईमेलवाले त्याहून बेरकी. पाठवणाऱ्याचं नाव काहीही टाकता येतं, म्हणून चष्मा लावून मागचा पूर्ण पत्ता वाचावा लागतो, आणि इंग्रजी आर आणि एन शेजारी बसले की चक्क एम दिसतो, घ्या! रिफंडवाले तर ओटीपीच मागतात. अरे बाबा, पैसे घ्यायला ओटीपी कशाला, तो लागतो पैसे देताना, आणि रक्कम किती, जाणार कुणाला हे बहुतेक वेळा त्याच मेसेजात लिहिलेलं असतं, पण घाईत वाचतो कोण, आणि घाई तर तेच करतात.

या सगळ्यात एकदा बँकेचा खराखुरा फोन आला. बाई अगदी शांत. "संशयास्पद व्यवहार दिसतोय, आधी तुमची जन्मतारीख सांगाल?"

म्हटलं, आधी तुमची सांगा.

त्या गप्प. मी फोन ठेवला, कार्डावरच्या नंबरला लावला, सगळी बासरी ऐकली, आणि शेवटी एका बाईंनी उचलला. जन्मतारीख विचारली, मी लगेच सांगितली, फोन मी लावला होता ना.

"हां मॅडम," त्या म्हणाल्या, "इथे आत्ताच नोंद झालीये, ग्राहक सहकार्य करत नाहीत."