साडेसातचा सत्यनारायण

मार्च संपत आला की आमच्या घरी सत्यनारायणांचा हंगाम सुरू होतो. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचे साखळी सामने १४. त्यातले शनिवार-रविवारचे वजा केले की उरतात सात-आठ. तेवढे सत्यनारायण कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, संध्याकाळी साडेसातच्या मुहूर्तावर, चमचाभर रवाही न भाजता यथासांग पार पडतात.

त्याचं असं आहे, की आमचा क्लायंट जर्मनीत, स्टुटगार्टला. आपले साडेसात म्हणजे तिकडचे उन्हाळ्यातले दुपारचे चार. कामं आटोपली, कॉफी झाली, की साहेबांना पुण्याशी बोलावंसं वाटतं. नेमका तेव्हाच इकडे बुमराहच्या हातात चेंडू आलेला असतो. सुरुवातीला मी वीज गेली म्हणून सांगायचो, पण लॅपटॉपला बॅटरी असते हे जर्मन माणसाला कुणी सांगावं लागत नाही. सत्यनारायणाला मात्र उत्तर नव्हतं. पूजा म्हटलं की साहेब आवाज खाली आणून माफी मागायचे आणि कॉल दुसऱ्या दिवशीवर ढकलायचे.

आई एकदा म्हणाली, "देवाच्या नावावर इतकं खोटं बोलतोस, एखादा तरी खरा घाल." घातला. मुंबईचा सामना नसलेला दिवस बघून घातला. पण गुरुजी निघाले चेन्नईवाले. चेन्नईकडून खेळणारा ऋतुराज गायकवाड पुण्याचा, म्हणून. साधुवाण्याची नौका बुडाली कधी आणि वर आली कधी, कुणाला कळलं नाही. आरतीचं तबक खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पॉवरप्लेला किती झाल्या?"

हा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा होता: तिकडच्यांना क्रिकेट कळत नाही. २००८ साली पहिल्याच सामन्यात न्यूझीलंडच्या मॅकलमने नाबाद १५८ ठोकल्या, तेव्हापासून परदेशी खेळाडूंबद्दल माझी काहीच तक्रार नाही. शिवाय त्यांना मर्यादा आहे, अकरात चार. परदेशी प्रेक्षकांना मात्र कुणी मर्यादा घातलेली नाही.

साहेबांच्या गल्लीत अफगाण कुटुंबं राहायला आली. २०१५च्या सुमारास जे निर्वासित जर्मनीत गेले, ते सोबत क्रिकेटही घेऊन गेले. साहेबांचा मुलगा त्यांच्या पोरांत खेळायला लागला. त्या पोरांचं दैवत राशिद खान. २०१७च्या लिलावात हैदराबादने त्याला ४ कोटींना उचललं, तेव्हा कौतुकाने टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हा गडी पुढे गुजरातला जाईल आणि तिथून स्टुटगार्टमार्गे माझ्या मुळावर येईल, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आधी नुसते प्रश्न यायचे. अकराच्या संघात हा इम्पॅक्ट प्लेअर बारावा कसा? (मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तसा.) अडीच मिनिटांच्या स्ट्रॅटेजिक टाइमआउटमध्ये कसली रणनीती ठरते? (जाहिरातदारांची.) ऋषभ पंतला लिलावात २७ कोटी म्हणजे किती युरो, हा हिशोब त्यांनी स्वतःच केला. तीसेक लाख युरो निघाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. जो विकलाच जात नाही त्याचं काय होतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की आमच्या कंपनीत त्याला बेंच म्हणतात.

मग एक दिवस एक्सेल शीट आली. एका रकान्यात माझे सत्यनारायण, शेजारी मुंबईचे सामने. तीन मोसमांतल्या सगळ्या तारखा तंतोतंत जुळत होत्या, एक सोडून.

"या दिवशी काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"सत्यनारायण," मी म्हणालो.

त्यावर त्यांचा अजिबात विश्वास बसला नाही.

साहेब रागावले नाहीत, हे खरं दुखणं. रागावले असते तर सुटलो असतो. त्यांनी साडेसातचा कॉल कायम ठेवला, फक्त सामना एकत्र बघण्यासाठी. त्यांचं प्रक्षेपण माझ्यापेक्षा एक-दोन चेंडू पुढे असतं. माझा गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला पँटला चेंडू घासत असतो आणि कानात स्टुटगार्टहून आरोळी येते. सूर्या बाद झाल्याची बातमी मला जर्मन उसाशातून कळते.

त्यात एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही पुण्याचे, मग पुण्याची टीम कोणती?" आता काय सांगायचं? पुणे वॉरियर्स २०११ला आली, २०१३ला गेली. २०१६ला सुपरजायंट्स आली, सातवी राहिली. पुढच्या वर्षी नावातला शेवटचा 'स' काढला आणि थेट अंतिम सामन्यात पोचली. "एका अक्षराने?" साहेब म्हणाले. हो, आणि हरली एका धावेने. "कुणाकडून?" मुंबईकडून. "आणि तुम्ही मुंबईचे?" यावर मी नेटवर्क गेल्याचा अभिनय केला. ज्यांचं माहेरच दोनदा बसलं, त्यांनी सासरी नांदू नये तर काय करावं?

परवाच्या मंगळवारी मुंबई-गुजरात होता. त्याच दिवशी डॅलसच्या नव्या क्लायंटने आम्हा दोघांना मीटिंग लावली. त्यांचे सकाळचे नऊ, म्हणजे आपले साडेसात. मी जुन्या सवयीने दिलगिरीचा निरोप लिहायला घेतला. निम्मा लिहून होतो न होतो तोच सगळ्यांना साहेबांचा निरोप आला: क्षमस्व, आज आमच्या घरी सत्यनारायण आहे.

एका प्रोजेक्टमध्ये एकाच संध्याकाळी दोन सत्यनारायण कोण मान्य करणार? लिहिलेलं पुसलं, कॅमेरा सुरू केला आणि डॅलसला गुड मॉर्निंग म्हणालो.