भिजत पातेलं

फ्रिजच्या दारावर लावलेल्या कामांच्या तक्त्यात 'भांडी' हा शब्द एका चौकोनात मावतो. घोटाळ्याला सुरुवात तिथेच होते. माझ्या मते भांडी हे एक काम नाहीच. ती सात-आठ कामांची माळ आहे. ज्याची पाळी असते तो त्यातले मधले दोन मणी ओढतो आणि हात पुसत टीव्हीसमोर बसतो.

आता क्रम बघा. खरकटं ओल्या कचऱ्यात काढायचं, तेलकट कढई जुन्या वर्तमानपत्राने पुसून बाजूला ठेवायची. मग काचेचे पेले, कप, ताटं-वाट्या आणि सगळ्यात शेवटी कढई. हौशी माणूस शौर्य दाखवायला कढईपासून सुरुवात करतो. मग तिचं तेल घासणीत, घासणीतून पेल्यात, आणि पाहुण्यांच्या लिंबू सरबतावर लसणीच्या फोडणीचा तवंग! दुधाच्या पातेल्याला आधी गार पाणी लागतं. गरम ओतलं की दूध आणखी आळतं आणि घट्ट धरून बसतं. तुपाच्या भांड्याचं नेमकं उलटं, त्याला कढतच हवं. हे सांगायला गेलं की 'मग तूच घास ना' हे उत्तर तयार असतं.

कुकरबद्दल मी जरा कडवा आहे. झाकण नळाखाली धरून गोल फिरवलं म्हणजे कुकर धुतला, असं मानणारा एक मोठा पंथ घरोघरी आहे. अरे बाबांनो, रबरी रिंग काढा, तिच्या खाचेतला भाताचा चिकटा नखाने काढा. शिट्टी उचला, तिच्या खालची नळी उजेडाकडे धरा आणि आरपार दिसतं का पाहा. तूरडाळीचं एक साल तिथे बसलं की वाफ कोंडते आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. वरण मग छतावरून वाढून घ्यावं लागतं. रिंग धुऊन परत न बसवणारे वेगळेच. सकाळी घाईच्या वेळी कुकर चहूबाजूंनी फुसफुसतो, शिट्टी काही होत नाही आणि रिंग खरकट्याच्या डब्यात सापडते.

पण सगळ्यांत लबाड वाक्य म्हणजे 'भिजत घातलंय'. भाताच्या पातेल्याला वीस मिनिटं भिजणं पुरतं, ते योग्यही आहे. इथे मात्र रात्री अकराला भिजत घातलेल्या पातेल्याचा बाराला वार बदलतो आणि ते कायदेशीररीत्या दुसऱ्याचं होतं. पूर्वी घोंगडं भिजत पडायचं, आता पातेलं. त्यातच लोखंडी तवा बुडाला तर सकाळी तांबूस होऊन वर येतो. मग तो घासा, गॅसवर कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा, आणि हे काम तक्त्यात कुठे लिहिलंय ते शोधत बसा.

सिंकची जाळीही कुणाच्याच चौकोनात नसते. ओटा पुसणं, घासणी पिळून उभी ठेवणं, तेही नाही. कपड्यांचं तेच: 'मशीन लावलं' म्हणजे बटण दाबलं. पावसाळ्यात ते ओले कपडे रात्रभर आत राहिले की कुबट वास मारतात आणि परत धुवावे लागतात. तरी 'मशीन लावलं' हे खरंच असतं.

म्हणून पाळी रोज बदलू नये, आठवड्याने बदलावी. आपलं भिजत घातलेलं उद्या आपल्यालाच घासायचंय म्हटल्यावर पातेली आश्चर्यकारक वेगाने निघतात. ताबा रविवारी जेवणानंतर द्यायचा: जाळी झटकलेली, सिंक रिकामं, कुकरची रिंग जागेवर. फक्त सही करण्याआधी ओट्याखाली वाकून बघा. मोठं पातेलं तिथे असतं, आणि त्यात पाणी असतं.