खाशाबा, बिकिला आणि तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या, मग शाळेच्या बॅचच्या, असा तीन ठिकाणी तोच मेसेज आला. थोडक्यात असा, की खाशाबा जाधवांनी लंगोटावर ऑलिम्पिकचं मेडल आणलं, इथियोपियाचा धावपटू बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, आपली फुटबॉल टीम अनवाणी खेळायची म्हणून वर्ल्डकपमधून काढली तरी झुकली नाही, आणि आजच्या पोरापोरींना पंधरा हजाराचे बूट, अंगाला चिकटणारे कपडे आणि नेलपॉलिश पाहिजे, खेळ अंगात असतो कपड्यात नसतो. खाली हात जोडलेल्या सहा इमोजी.

माझं सांगलीत विश्रामबागला जर्सी शिवायचं छोटं युनिट आहे, दोन ओव्हरलॉक आणि एक फ्लॅटलॉक शिलाई मशीन, प्रिंटिंग बाहेरून करून घेते. म्हणजे माझं पोटच या कपड्यांवर आहे, तेव्हा माझं बोलणं चार आणे कमी धरा हवं तर, पण ऐकून घ्या.

आधी खाशाबा, कारण कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, आपल्याकडं त्यांचं नाव घेतलं की पुढं कुणी बोलतच नाही. मातीत ते लंगोट लावून खेळले, बरोबर. पण १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळालं ते मातीत नाही, मॅटवर, कॉस्च्युम घालून. मॅटशी त्यांची गाठ पडली १९४८ ला लंडनमध्ये, तेव्हा सहावे आले, आणि मधल्या चार वर्षांत त्या मॅटला, त्या नियमांना अंग सरावून घेतलं तेव्हा कुठं मेडल आलं. लंगोटाचं कौतुक करताना हे चार वर्षांचं काम सगळे गाळतात. आणि हेलसिंकीला जायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावोगाव वर्गणी झाली. मेसेज लिहिणाऱ्याला त्यात साधेपणा दिसतो, मला त्यात एका पैलवानाला वाऱ्यावर सोडलेलं दिसतं. चणचणीला व्रत म्हणायची आपली सवय जुनीच आहे म्हणा.

फुटबॉलचं लवकर उरकते. १९५० च्या वर्ल्डकपमधून भारताला कुणी काढलं नव्हतं, आपणच माघार घेतली, आपल्या फेडरेशनला तेव्हा ऑलिम्पिक मोठं वाटायचं. अनवाणी खेळून १९४८ च्या ऑलिम्पिकला फ्रान्सशी आपण २-१ असे जवळ जाऊन हरलो, ते कौतुकाचंच. पण मेसेजवाल्याने पुढचं पान उलटलं नाही. खाशाबांनी मेडल घेतलं त्याच हेलसिंकीत आपली बहुतेक अनवाणी टीम युगोस्लाव्हियाकडून १०-१ हरली, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. एकच ऑलिम्पिक, एकीकडं मॅटला सरावलेला पैलवान आणि दुसरीकडं थंडीत अनवाणी पाय.

आता बिकिला. १९६० ला रोममध्ये अनवाणी धावला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, तोवरचा जगातला सगळ्यात भारी टाइम. सरावही अनवाणीच करायचा आणि जे बूट मिळाले त्यात पाय नीट बसेना. पण हाच बिकिला १९६४ ला टोकियोत पायात बूट घालून उतरला, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दीड महिन्याच्या आत, आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत परत गोल्ड. तीन मिनिटं कमी. सगळी तीन मिनिटं बुटांनी दिली असं मी म्हणणार नाही, चार वर्षांत माणूस बदलतो, रस्ता वेगळा, हवा वेगळी. पण त्याच्या नावानं अनवाणी पायाची आरती करायची असेल तर टोकियो लपवून चालणार नाही.

आणि खेळ नुसता अंगातच असता तर नियम करणाऱ्यांनी कपड्यांवर बंदी कशाला घातली असती हो? पोहण्यात २००८ ला एलझेडआर रेसर सूट आला, मग पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचे, अंगभर सूट आले, आणि २००९ च्या रोममधल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये एका स्पर्धेत ४३ वर्ल्ड रेकॉर्ड मोडले. एवढी माणसं एका वर्षात अचानक मासे झाली नव्हती. तो सूट पाण्यात शरीर वर उचलून धरायचा, स्नायू आवळून अंग सपाट करायचा, पाण्याचा अडथळा कमी. २०१० पासून ते बंद, पुरुषांना कंबर ते गुडघा आणि साधं विणलेलं कापड. बुटांचंही तेच. फोम आणि मध्ये कार्बनची पट्टी असलेल्या नायकीच्या बुटांनी धावायला लागणारी ताकद सरासरी ४ टक्क्यांनी वाचते हे लॅबमध्ये मोजलं गेलं, आणि २०२० ला नियम आला, रोड रेसला सोल ४० मिलिमीटरच्या वर नको, पट्टी एकच. २०२१ ला व्हिएन्ना मॅरेथॉन पहिल्या नंबरनं संपवलेला इथियोपियाचा धावपटू हुरिसा, सोल नियमापेक्षा एक सेंटिमीटर जाड निघाला म्हणून बाद झाला. एक सेंटिमीटर! आमच्याकडं तेवढा दाब शिलाईत सोडतात. (साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला हौसेनं पळणाऱ्यांनी कर्ज काढून असले बूट घ्यावेत असं नाही, यवतेश्वरचा घाट बुटांना विचारत नाही.)

नेलपॉलिशचा मुद्दा वाचून मी खरंच हसले. महिलांच्या १०० मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड १०.४९ सेकंद, जुलै १९८८, फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर. लांबलचक रंगवलेली नखं, मोकळे केस, एकच पाय झाकणारा पोशाख. त्या रेकॉर्डवर वाऱ्याच्या मापाचे आणि बाकीचे वाद आहेत ते आहेत, पण नखांनी तिचा वेग कमी झाला असं म्हणायची कुणाची टाप नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये पुरुषांची १०० मीटर जिंकलेला नोआ लाइल्सही नखं रंगवूनच पळाला. नटून गेल्यावर ताकद वाढते असंही नाही, पण काही माणसं नटली की लाइनवर स्वतःसारखी उभी राहतात, त्यात तुमचं आमचं काय जातं.

खरा राग येतो तो ‘अंगाला चिकटणारे कपडे’ याचा, कारण ते पोरांसाठी लिहिलेलं नसतंच, पोरींसाठी असतं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियन झाली. तिरंदाजाच्या छातीवर चेस्टगार्ड घट्ट बांधलेला असतो तो शोभेला नाही, सुटताना दोरी ढगळ कपड्याला नुसती घासली तरी बाण भरकटतो. तिला सांगणार का, बाळ जरा सैल घाल म्हणून? आणि क्रिकेट बोर्डाचा कारभार काही काळ ज्यांच्याकडं होता त्या विनोद राय यांनीच २०२२ ला मुलाखतीत सांगितलं होतं की पुरुषांचे कपडे कापून परत शिवून महिला टीमला दिले जायचे. त्यांच्या काळात आपली सांगलीची स्मृती मंधाना त्याच टीममध्ये होती. पुरुषाचा टी-शर्ट बाईसाठी आल्टर करून बघा कधी, खांदा उतरतो, मुंढा खाली येतो, हात वर केला की सगळा शर्ट वर. मी केलंय म्हणून सांगते, बाजू कितीही मारा, खांदा बसत नाही तो नाहीच बसत.

मागच्या पावसाळ्यात तासगावकडच्या एक बाई लेकीला घेऊन आल्या. पोरगी पोलीस भरतीचं आठशे मीटर मारायची. आई दारातच थांबली, गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, आतनं घालायला जरा घट्ट काय हाय का, पळताना पोरीला लाज वाटती." पोरीनं दोन टी-शर्ट घातलेले, वर ओढणी कमरेला करकचून. मी म्हटलं इथंच रस्त्यावर जरा पळून दाखव. पळाली, तर दोन्ही कोपरं छातीशी दाबून, हात हलतच नव्हते. हात नाही हलले तर पाय कुठनं उचलणार? रुंद पट्ट्याची स्पोर्ट्स ब्रा दिली, पाठीत एक टीप मारून तिच्या मापाची केली. परत पळाली ती हात मारत कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत गेली आणि आई तिथंच खुर्चीवर बसून रडायला लागली. पोरीनं फॅशन केली असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता माझ्याच बाजूचं एक खोटं पण सांगून टाकते, नाहीतर म्हणाल धंदा करते. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये कुस्ती, बॉक्सिंग, तायक्वांदोत लाल पोशाखवाले साधारण ५५ टक्के लढती जिंकले असा एक अभ्यास गाजला होता, पुढं खूप जास्त लढती तपासल्यावर ते टिकलं नाही. पण बातमी काय मरत नाही. परवा कबड्डीची पोरं आली, लालच पाहिजे, लाल जिंकतोय म्हणे. मी म्हटलं लाल घ्या, निळा घ्या, पण मापं बाराही जणांची वेगवेगळी द्या. त्यांनी सगळ्यांना एक्सएल लिहून दिलं. बाराजणांना उद्या टेप लावून मापं द्यायला बोलावलंय.