‘जास्तीचं व्हिटॅमिन शूवाटे निघून जातं’: तान्ह्या बाळाच्या जिवाशी खेळणारा समज

‘बाळाला व्हिटॅमिनचे थेंब कितीही द्या, अपाय नाही. जास्तीचं शूवाटे निघून जातं, हाडं बळकट होतात,’ असा संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. तो वाचून कुणी थेंब वाढवायच्या आत हे वाचावं.

शूवाटे निघून जाण्याची गोष्ट बी आणि सी यांच्यापुरती बरीचशी खरी आहे, कारण ती पाण्यात विरघळतात. ए आणि डी मात्र चरबीत विरघळतात आणि शरीरात साठत जातात. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. बाळ दूध सोडतं, ओकतं, शी घट्ट होते, शू वाढते आणि अंगातलं पाणी कमी होतं. पुढे किडनीत कॅल्शियम साचू लागतं. ‘दात येत असतील’ म्हणून ही लक्षणं अंगावर काढली जातात, याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. ए जास्त झालं तर डोक्यातला दाब वाढून टाळू फुगू शकते.

हाडांचं म्हणाल, तर मुडदूस टाळायला रोज 400 आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) डी पुरतं. पहिल्या सहा महिन्यांत 1,000 आययू ही वरची मर्यादा मानतात. अति झालेलं डी उलट हाडांतलंच कॅल्शियम ओढून रक्तात आणतं.

‘बाटली लहान मुलांचीच आहे, ड्रॉपर भरून द्या’ हा सल्ला तर सर्वांत घातक. काही बाटल्यांत 400 आययू एका मिलीत असतात, काहींत एका थेंबात. एका मिलीत वीसाहून जास्त थेंब मावतात. दुसऱ्या प्रकारची बाटली हातात असताना मिलीभर दिलं, तर एका वेळी 8,000 आययूच्या वर डोस जातो. अशाच चुकांमुळे 2010 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने ड्रॉपरबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणून लेबलवर आययूचा आकडा कशापुढे लिहिलाय, मिलीपुढे की थेंबापुढे, ते आधी बघा. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातलं डीही मोजा. दिवसाला लिटरभर फॉर्म्युला (डब्यातलं पावडरीचं दूध) पिणाऱ्या बाळाला डी त्या दुधातूनच मिळतं.

पण घाबरून थेंब बंद करू नका. आईच्या दुधात डी फार कमी असतं, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेला डोस हवाच. चुकून जास्त गेलं असेल तर उलटीची वाट न बघता डॉक्टरांना गाठा आणि बाटली, ड्रॉपर दोन्ही सोबत न्या.