‘कोणी पाहिलं होतं का?’

खुनाच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला की नाशिकच्या ग्रुपांवर दोन कमेंट ठरलेल्या. एक, ‘सगळं मॅनेज आहे’. दुसरी, ‘कोणी पाहिलंच नव्हतं म्हटल्यावर शिक्षा कशी होणार?’ पहिलीवर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरी मात्र सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा कोर्टात रोज फौजदारी काम करणाऱ्या माणसाला ऐकवत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

पाहणारा कोणी नसताना जन्मठेप होते, फाशीसुद्धा होते. १९०९ साली विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला भरल्या नाट्यगृहात गोळ्या घातल्या. त्यांना लपवायचंच नव्हतं. एरवी खून करणारा साक्षीदार जमवून बसत नाही. मग उरतं काय? मयताला शेवटचं कोणाबरोबर पाहिलं, भांडण कशावरून होतं, हत्यार कुठून निघालं, कपड्यांवरचं रक्त, मोबाइलचं लोकेशन. हा परिस्थितीजन्य पुरावा, आणि कायद्याच्या लेखी तो दुय्यम नाही. त्याची परीक्षा मात्र कडक असते.

१९८४ चा सारडा निकाल आम्हा वकिलांना तोंडपाठ असतो. पुण्यातली नवविवाहिता पोटॅशियम सायनाइडने गेली. नवऱ्याला सेशन्स कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने ती कायम केली, सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. तिच्या पत्रांतून ती खचलेली दिसत होती आणि आत्महत्येची शक्यता पुसता येत नव्हती. त्याच निकालातलं ‘पंचशील’, म्हणजे अशा पुराव्याच्या पाच कसोट्या, आजही चालतं. थोडक्यात: प्रत्येक परिस्थिती पक्की शाबीत हवी, साखळी अखंड हवी, आणि आरोपीच दोषी याखेरीज दुसरा कुठलाही निष्कर्ष निघता कामा नये. दाट संशय पुराव्याची जागा घेत नाही.

म्हणून नवरे सर्रास सुटतात असं नाही हं. २००६ चं महाराष्ट्रातलंच प्रकरण आहे. घरात बायको मेली, नवरा म्हणाला साप चावला, डॉक्टरांनी सांगितलं गळा दाबलाय. चार भिंतींआड काय घडलं याचा खुलासा नवऱ्यानेच करायला हवा, असं म्हणून सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम ठेवली.

मग साखळी तुटते कुठे? माझ्या मते बहुतेक वेळा पंचनाम्यात. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण ‘कोयता विहिरीजवळ पुरलाय, काढून देतो’ असं आरोपी म्हणाला आणि कोयता खरंच तिथून निघाला, तर तेवढं वाक्य चालतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. सगळी मदार त्या मेमोरेंडम पंचनाम्यावर, म्हणजे आरोपीचं ते वाक्य पंचांसमोर लिहून घेतलेल्या कागदावर. आणि पंच कोण? ठाण्यासमोरच्या टपरीवरचा पोरगा, जो आणखी चार केसमध्ये पंच आहे. उलटतपासात तो सांगून मोकळा होतो, ‘साहेबांनी ठाण्यातच सही घेतली.’ लाखेचं सील नाही, मुद्देमाल ठाण्यात पडून राहिलेला, सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमध्ये ‘रक्तगट निश्चित करता आला नाही’. जजने काय करायचं? शिव्या मात्र त्यालाच.

आणि डोळ्यांनी पाहणाऱ्याचं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातलं २००३ चं प्रकरण आठवा. एका कुटुंबावर दरोडा, पाच खून, वाचलेल्या साक्षीदाराने भटक्या जमातीतले सहा जण ओळखले. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठोठावली. मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. त्याच साक्षीदाराने आधी पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून भलतेच चार जण ओळखले होते, आणि सरकार पक्षाने ते दाबून ठेवलं होतं. कोर्टापुढे प्रत्यक्षदर्शी साक्ष होती, तरी हे झालं. रक्त किंवा लोकेशन निदान घाबरून कोणाला ओळखत नाही.

१ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे. चांगलंच आहे. आता टपरीवरच्या पोराला ‘सही ठाण्यात झाली’ म्हणणं अवघड जाईल. पण मोबाइलवरचं शूटिंग पेन ड्राइव्हवर टाकून नुसतं दोषारोपपत्राला जोडलं आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्रच लावलं नाही, तर पहिली हरकत आमचीच असणार.